दूरसंचार मक्तेदारांची नाक्यावरची भांडणे

वाराणसीच्या पक्का महालातील विजेच्या तारा २०१५ नंतर हाती घेतलेल्या योजनेत जमिनीखाली गेल्या आणि २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्या कामाचे लोकार्पणही झाले. दोन माणसे शेजारून गेली तर खांद्याला खांदा घासावा अशा त्या गल्ल्या. मतदारसंघ खुद्द पंतप्रधानांचा, तेव्हा समारंभात काही उणे राहण्याचे कारण नव्हते. विजेच्या तारांचा प्रश्न असा सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक योजनेने सुटू शकला. परंतु याच शहरातील विणकराच्या, नावाड्याच्या, फेरीवाल्याच्या हातातील मोबाइल ज्या अदृश्य तारांनी देशाशी जोडला गेला आहे त्या कोणाच्या, त्या एकमेकींना कोठे मिळतात, आणि मिळतात तेथे कोण कोणाकडून किती वसूल करतो, या प्रश्नाचा विचार मात्र 'तांत्रिक बाब' म्हणून तज्ज्ञांवर सोपविण्यात आला. ही बाब तांत्रिक नाही. गेल्या दशकात भारतीय मक्तेदार भांडवलाने जी झेप घेतली तिचे एक मुख्य स्थान या जोडणीच्या नाक्यावरच आहे.

हे नाके म्हणजे काय, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. मदनपुऱ्यातील विणकर चौकातील गद्दीदाराला फोन करतो, किंवा मालेगाव-भिवंडीतील आपल्या नातलगाला. (मालेगावच्या विणकर वस्तीतील कित्येक घराणी १८५७ नंतर याच मुलखातून दक्षिणेकडे आली, हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊकच आहे.) विणकराचे सिमकार्ड एका कंपनीचे, गद्दीदाराचे दुसरीचे. पहिल्या कंपनीच्या जाळ्यातून निघालेला आवाज दुसरीच्या जाळ्यात जेथे प्रवेश करतो त्या जागेला आंतरजोडणीचा बिंदू म्हणतात. तेथे एकाच वेळी किती संभाषणे पलीकडे जाऊ शकतील, हे उपलब्ध वाहिन्यांच्या संख्येवर अवलंबून असते. वाहिन्या पुरेशा असल्या तर घंटी वाजते. अपुऱ्या असल्या तर 'सर्व मार्ग व्यस्त आहेत' असा निर्विकार आवाज ऐकू येतो. विणकराला वाटते, गद्दीदाराने फोन उचलला नाही. प्रत्यक्षात फोन त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. दोन भांडवलदारांच्या वेशीवर तो मेलेला असतो.

इंटरनेटचेही मूलतः असेच आहे. इंटरनेट नावाची एकसंध वस्तू अस्तित्वात नाही. एकमेकांत मिसळण्यास राजी झालेल्या असंख्य जाळ्यांचे ते नाव आहे. ही राजीखुशी बरोबरीच्या दोघांत असली तर देवाणघेवाण विनामूल्य होते. एक मोठा व एक लहान असला तर लहानाला पैसे मोजावे लागतात. आणि मोठा रुसला तर लहानाचे ग्राहक ताटकळत बसतात.

या पार्श्वभूमीवर, इंटरनेट सेवा पुरविण्याचा परवाना असलेली एक लहान कंपनी देशातील सर्वांत मोठी दूरसंचार कंपनी कशी झाली, हा इतिहास पाहण्याजोगा आहे. २०१० मध्ये बिनतारी ब्रॉडबँडसाठी स्पेक्ट्रमचा लिलाव झाला. इन्फोटेल ब्रॉडबँड या कंपनीचे नाव त्यापूर्वी फारसे कोणी ऐकलेले नव्हते. तिने देशातील २२ ही परिमंडळांतील स्पेक्ट्रम सुमारे १२,८४७ कोटी रुपयांना घेतला आणि त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचे ९५ टक्के भाग ४,८०० कोटींना विकत घेण्याचे जाहीर केले. परवाना होता तो केवळ इंटरनेट पुरविण्याचा. २०१३ मध्ये सरकारने नवी एकत्रित परवाना पद्धती आणली आणि १,६५८ कोटी रुपये भरून याच स्पेक्ट्रमवर दूरध्वनीचीही सेवा देण्याची मुभा मिळाली. ही रक्कम २००१ च्या किमतीवर बेतलेली होती, यावर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र या सवलतीविरुद्धची याचिका एप्रिल २०१६ मध्ये फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. राजकीय दृष्टीने ते संपत नाही. कारण बारा वर्षांत बाजारभाव कोठल्या कोठे गेला असता सरकारला जुनाच भाव आठवावा, आणि तो नेमका देशातील सर्वांत धनाढ्य घराण्याच्या बाबतीत आठवावा, हा योगायोग वारंवार घडत असतो.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. वर्षअखेरपर्यंत सारे फुकट. नंतर ती मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली. सुमारे १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाले. आणि लगेच नाक्यावर भांडण पेटले. जिओचे म्हणणे असे की, एअरटेल, व्होडाफोन व आयडिया या तिघांनी मुद्दाम अपुऱ्या वाहिन्या दिल्या व अवघ्या दहा दिवसांत ५२ कोटींहून अधिक फोन वेशीवरच तुटले. नियमानुसार हजारात पाचांहून अधिक फोन अशा रीतीने तुटता कामा नयेत. तिघांचे उत्तर असे की, फुकट संभाषणांचा लोंढा एकाच दिशेने येऊन आदळत आहे. तो वाहून नेण्याचा खर्च आमच्या माथी मारून प्रतिस्पर्धी आपला बाजार वाढवीत आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी नियामक प्राधिकरणाने तिन्ही कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करावा अशी शिफारस केली. स्पर्धा रोखण्यासाठीच जोडणी नाकारली गेली, असा तिचा निष्कर्ष होता. या शिफारशीला सरकारच्या डिजिटल कम्युनिकेशन्स आयोगाची संमती २०१९ मध्ये मिळाली व मागणीपत्रे निघाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. एखाद्या वीज कामगाराने अर्धा दिवस संप केला तर अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा दुपारपर्यंत उगारला जातो. येथे कोट्यवधी लोकांची संभाषणे तोडल्याचा ठपका ज्यांच्यावर आला, त्यांच्या दारी मागणीपत्र पोचण्यास पाच वर्षे लागली.

या भांडणात न्याय कोणाच्या बाजूला होता? दोन्ही पक्ष एकमेकांविषयी जे बोलत होते ते बहुतांशी खरे होते, असेच म्हणावे लागेल. जुन्या कंपन्यांनी नाका अडवून धरला, हे नियामकानेच नोंदविले. आणि नव्या कंपनीची सेवा 'फुकट' नव्हती, तेलशुद्धीकरणाच्या नफ्यातून पोसलेली ती बाजार काबीज करण्याची मोहीम होती, हेही सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट आहे. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे केलेली तक्रार २०१७ मध्ये फेटाळली गेली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये नियामकाने तोडून पाडणाऱ्या दरांची व्याख्याच अशी केली की तिच्या जाळ्यात मोठा मासा सापडू नये. ती त्याच वर्षअखेर अपील न्यायाधिकरणाला रद्द करावी लागली. तोवर बाजारातील लढाई संपत आली होती.

दुसरे भांडण पैशांचे नव्हे, पैशांच्याही अंशाचे होते. तरी ते अधिक बोलके आहे. ज्या कंपनीच्या ग्राहकाने फोन लावला तिने, ज्या कंपनीच्या ग्राहकाने तो घेतला तिला, मिनिटामागे ठरावीक रक्कम द्यावी असा नियम होता. ही रक्कम १४ पैसे होती. १ ऑक्टोबर २०१७ पासून ती ६ पैसे झाली आणि २०२० च्या आरंभी शून्यावर यावयाची होती. ती तशी येणार की नाही यावर दोन तट पडले, कारण जिओचे ग्राहक फोन अधिक लावीत व इतरांचे अधिक घेत. तीन वर्षांत आपण या खात्यावर सुमारे १३,५०० कोटी रुपये प्रतिस्पर्ध्यांना भरले, असे जिओ सांगत होती.

यावर तोड म्हणून जे घडले ते एखाद्या प्रहसनात शोभावे. फोन लावल्यावर घंटी किती वेळ वाजावी, याला कायद्याची मर्यादा नव्हती. साधारणतः ती ४५ सेकंदांपर्यंत वाजे. जिओने आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या फोनची घंटी २० ते २५ सेकंदांवर आणली. विणकर मागावरून उठून हात पुसून फोनपाशी येईपर्यंत घंटी बंद! मग तो ज्याचा फोन आला त्याला उलट फोन लावणार. म्हणजे पैसे देणारी कंपनी बदलली. इतरांनी आरडाओरडा केला आणि नंतर त्यांनीही आपापल्या घंट्या आखूड केल्या. जिओने प्रत्यारोप केला की, जुन्या कंपन्यांचे ग्राहक महाग दरामुळे आपल्या ग्राहकांना दररोज २५ ते ३० कोटी 'मिस्ड कॉल' देतात व त्यांना उलट फोन करण्याचा भुर्दंड आपल्याला पडतो. भारतातील गरिबाने मिस्ड कॉल हे दारिद्र्याचे शास्त्र म्हणून शोधून काढले: पोचलो, पैसे पाठव, माल तयार आहे, आई बरी आहे, एका घंटीत सारे सांगून मोकळे. त्या शास्त्रावरही दोन धनाढ्य घराणी हजारो कोटींचा वाद घालीत बसली. अखेर १ नोव्हेंबर २०१९ रोजी नियामकाने आज्ञा काढली: मोबाइलची घंटी ३० सेकंद, तारेच्या फोनची ६०. घंटीची लांबी सरकारी आज्ञेने ठरावी इतकी ही स्पर्धा 'मुक्त' होती.

तत्पूर्वी, १० ऑक्टोबर २०१९ पासून, जिओने इतर जाळ्यांवरील संभाषणासाठी मिनिटाला ६ पैसे ग्राहकाकडूनच घेण्यास आरंभ केला. बोलणे कायमचे फुकट, या घोषणेला अवघी तीन वर्षे झाली होती. आकारणी शून्यावर येण्याची तारीखही वर्षभर पुढे ढकलली गेली व १ जानेवारी २०२१ रोजी ती एकदाची बंद झाली.

हत्तींच्या झुंजीत गवत तुडविले जाते. पूर्व उत्तर प्रदेश हे परिमंडळ त्याचे उत्तम उदाहरण ठरेल. स्वस्त बोलण्यासाठी गरिबांनी धरलेली टेलिनॉर येथे होती. ती २०१८ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या टिकोना या इंटरनेट कंपनीने २०१० च्या लिलावात पाच परिमंडळांत स्पेक्ट्रम घेतला होता, त्यांत पूर्व उत्तर प्रदेश होते. तिचा ४जी व्यवसाय स्पेक्ट्रमसह एअरटेलने २०१७ मध्ये सुमारे १,६०० कोटींना घेण्याचा करार केला. एअरसेल दिवाळखोरीत गेली, अनिल अंबानींची रिलायन्स कम्युनिकेशन्स बुडाली, टाटांनी आपला मोबाइल व्यवसाय जवळजवळ फुकट देऊन टाकला, व्होडाफोन व आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. यातील प्रत्येक विलीनीकरणाबरोबर विक्रेते, मनोऱ्यांचे पहारेकरी, फोनवर तक्रारी ऐकणारे तरुण असे किती कामगार रस्त्यावर आले, त्याची गणती कोणत्याही अहवालात नाही.

गल्लीतील केबलवाल्याचीही हीच गत. एकेकाळी वाराणसीच्या मोहल्ल्यात केबलची तार ओढणारा स्थानिक उद्योजक असे. नंतर तो मोठ्या कंपनीचा वितरक झाला. डेन नेटवर्क्सच्या उपकंपन्यांत 'डेन काशी केबल नेटवर्क' असे नाव होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने डेन व हॅथवे या दोन्ही कंपन्यांचे बहुसंख्य भाग घेत असल्याचे जाहीर केले. म्हणजे आकाशातील लहर व गल्लीतील तार, दोन्हींचे टोक एकाच मुठीत आले.

सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑक्टोबर २०१९ चा निकाल हा या कहाणीतील आणखी एक टप्पा. परवाना शुल्क मोजताना कंपन्यांचे कोणते उत्पन्न धरावे, या जुन्या वादात न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. व्होडाफोन आयडियावर सुमारे ५८ हजार कोटींचे, एअरटेलवर सुमारे ४४ हजार कोटींचे देणे सरकारी हिशेबाने निघाले. कर चुकविणाऱ्या भांडवलदारांविषयी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पुढे काय झाले ते मात्र पाहावे. फेडीला दहा वर्षांचे हप्ते मिळाले. नंतर व्होडाफोन आयडियाच्या देण्याचे रूपांतर २०२३ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये भागभांडवलात करण्यात आले आणि सरकार त्या कंपनीचे सुमारे ४९ टक्क्यांचे मालक झाले. मालक झाले, पण कारभार पूर्वीच्याच घराण्यांकडे राहिला. तोटा राष्ट्राचा, व्यवस्थापन खासगी: राष्ट्रीयीकरणाची ही अभिनव तऱ्हा कोणत्याही समाजवादी ग्रंथात सापडणार नाही.

आता या सबंध चित्रात देशाचे स्वतःचे, सार्वजनिक जाळे कोठे होते? नाक्यावरच्या भांडणांच्या बातम्यांत भारत संचार निगमाचे नाव क्वचितच येते. ते येत नाही यातच सारे सांगून झाले आहे.

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्यातून निगम वेगळा काढण्यात आला. तोट्यातील ग्रामीण तारा सांभाळण्याचे कर्तव्य त्याच्याकडे आणि मलईदार शहरी ग्राहक सर्वांना खुला, अशी वाटणी होती. याची भरपाई म्हणून २००३ पासून खासगी कंपन्यांनी निगमाला काही आकार द्यावा असे ठरले. तो २००८ पर्यंत टप्प्याटप्प्याने गुंडाळण्यात आला. हा आकार परदेशी फोनवर अधिक असे. त्यातून सुटका करून घेण्यासाठी परदेशातून आलेले फोन देशांतर्गत असल्याचे भासवून निगमाच्या जाळ्यात सोडल्याचे प्रकरण २००४ च्या सुमारास उजेडात आले आणि त्या काळी अविभक्त असलेल्या समूहाच्या रिलायन्स इन्फोकॉमला दूरसंचार खात्याने १५० कोटींचा दंड ठोठावला. २०१६ मध्ये नाक्यावर अन्याय झाल्याची तक्रार त्याच घराण्याच्या थोरल्या पातीने केली. इतिहासाला असा विनोद अधूनमधून सुचतो.

खरा घाव ४जीच्या वेळी बसला. खासगी कंपन्या २०१६ मध्ये ४जीवर लढत होत्या. निगमाला त्या सेवेचा स्पेक्ट्रमच दिलेला नव्हता. ही मागणी घेऊन निगमाच्या सर्व संघटनांनी १८ ते २० फेब्रुवारी २०१९ असा तीन दिवसांचा देशव्यापी संप केला. वेतनवाढीचा प्रश्न त्यात होताच. परंतु आमच्या उद्योगाला काम करण्याचे साधन द्या, ही मागणी कामगारांना संप करून मांडावी लागते, हे भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासातही विरळाच. त्याच फेब्रुवारीचे वेतन निगमात पहिल्यांदाच लांबले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना आली. तिच्यात स्पेक्ट्रमचे आश्वासन होते, परंतु झटपट अमलात आला तो भाग स्वेच्छानिवृत्तीचा. ३१ जानेवारी २०२० रोजी ७८,५६९ कर्मचारी, म्हणजे एकूण संख्येच्या निम्म्याहून अधिक, एकाच संध्याकाळी निवृत्त झाले. ४जीच्या यंत्रसामग्रीची निविदा मात्र त्याच वर्षी रद्द झाली. यंत्रे स्वदेशीच हवीत, असा दंडक घालण्यात आला.

स्वदेशी तंत्रज्ञानाचा आग्रह चुकीचा नव्हता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन केंद्राने ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन केंद्र घडवून ते स्वप्न शक्य असल्याचे एकदा सिद्ध केलेच होते. पण हा दंडक खासगी कंपन्यांना लागू नव्हता. त्यांनी सॅमसंग, नोकिया, एरिक्सन अशा परदेशी कंपन्यांची यंत्रे आणून आपले मनोरे उभारले. स्वावलंबनाचे जू एकट्या सार्वजनिक क्षेत्राच्या मानेवर ठेवायचे आणि शर्यतीत तो मागे पडला म्हणून त्यालाच नालायक ठरवायचे, ही दुहेरी नीती होती. अखेर २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे स्वदेशी ४जी जाळ्याचे उद्घाटन झाले. त्यात सी-डॉटचे तंत्रज्ञान आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. उशीर मात्र नऊ वर्षांचा झाला आणि त्या नऊ वर्षांत वाराणसीच्या घाटापासून गावापर्यंत ग्राहक दुसरीकडे गेला. याच घाटांवर २०१५ च्या प्रारंभी वाय-फाय सेवा आणली होती ती निगमानेच.

यावर एक प्रतिप्रश्न येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. गरिबाला स्वस्त इंटरनेट दिले ते कोणी? २०१६ पूर्वी एक जीबीसाठी दोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत. नंतर तोच भाव दहा-पंधरा रुपयांच्या घरात आला. लल्लापुऱ्यातील विणकराच्या मुलीला परीक्षेचे धडे मोबाइलवर पाहता आले, हे नाकारून प्रचार करणाऱ्यावर तीच मुलगी विश्वास ठेवणार नाही. शिवाय सरकारी दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसण्याचे ते दिवस, निगमाच्या कचेरीतील हेलपाटे, पाऊस पडला की मुकी होणारी तार, या आठवणी जनतेच्या मनातून गेलेल्या नाहीत आणि त्या खोट्याही नाहीत. सार्वजनिक क्षेत्राचा कैवार घेणाऱ्यांनी त्याच्या नोकरशाहीचा कैवार घेण्याचे कारण नाही. ज्या ग्राहकाने निगम सोडला त्याने वर्गद्रोह केला नाही. त्याला सेवा हवी होती.

परंतु स्वस्ताई हा मक्तेदारीचा स्वभाव नसून तिचा तरुणपणचा छंद असतो. स्पर्धक संपेपर्यंतच तो टिकतो. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ असे तीन वेळा सर्व खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. जुलै २०२४ च्या वाढीत जिओचा १५५ रुपयांचा रिचार्ज १८९ ला आणि २३९ चा २९९ ला गेला. नाक्यावर एकमेकांचे गळे धरणारे दरवाढीच्या वेळी एका सुरात गातात! त्या एका महिन्यात निगमाच्या ग्राहकांत सुमारे २९ लाखांची भर पडली. सार्वजनिक जाळे दुबळे असूनही लोक त्याच्याकडे वळले. ते सक्षम असते तर ही दरवाढ करण्याचे धाडस कोणी केले असते काय? दोन कंपन्यांकडे मिळून तीन-चतुर्थांशाच्या आसपास बाजार गेल्यावर उरलेल्या ग्राहकाची 'निवड' म्हणजे दोन सावकारांतील निवड होय.

आणि नाके आता वाढत आहेत. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना, म्हणजे कंपनीने निवडलेली संकेतस्थळे तेवढी फुकट, नियामकाने ८ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने बंद पाडली. जनमताच्या रेट्याने मिळालेला तो एक महत्त्वाचा विजय होता. चार वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, त्याच फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्सचे ९.९९ टक्के भाग ४३,५७४ कोटींना घेतले. जुलैत गूगलने ७.७ टक्के घेतले. दारातून नाकारलेला पाहुणा भागीदार होऊन घरात आला. दुसरीकडे दूरसंचार कंपन्यांची मागणी अशी की, ज्या मोठ्या संकेतस्थळांमुळे जाळ्यावर भार पडतो त्यांनी जाळ्याच्या वापराचे शुल्क द्यावे. म्हणजे जो मार्ग वापरण्याचे पैसे ग्राहकाने आधीच भरले आहेत त्याच मार्गावर दुसरी जकात. ती कोणावर बसली तरी शेवटी कोणाच्या खिशातून जाईल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

उपग्रहाचे उदाहरण तर ताजेच आहे. उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठीचा स्पेक्ट्रम लिलावाने द्यावा की प्रशासकीय निर्णयाने, यावर २०२४ मध्ये भारतीय कंपन्या अमेरिकेच्या स्टारलिंकविरुद्ध उभ्या ठाकल्या होत्या. राष्ट्रहिताची भाषा मोठ्या आवाजात चालली होती. ११ मार्च २०२५ रोजी एअरटेलने आणि दुसऱ्याच दिवशी जिओने स्टारलिंकची सेवा विकण्याचे करार जाहीर केले. राष्ट्रहित चोवीस तासांत निकालात निघाले.

या साऱ्याला पर्याय नाही असे नाही, आणि त्याचा एक अंकुर वाराणसीतच आहे. २००३ मध्ये सरकारने नफ्यासाठी न चालणारी एक संस्था स्थापन केली: भारतीय राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज. देशातल्या देशात जाणारी माहिती परदेशात हेलपाटा घालून येऊ नये, लहानमोठ्या सर्व सेवादारांना एका समान ठिकाणी जोडणी मिळावी, हा तिचा हेतू. अनेक वर्षे तिची केंद्रे मोजक्या महानगरांपुरती होती. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील काही शहरांत ती उघडली, त्यांत वाराणसी आहे. गल्लीतला लहान सेवादार येथे मोठ्यांच्या मर्जीवाचून इतरांशी जोडला जाऊ शकतो. मात्र मोठ्यांनी आपली संपूर्ण वाहतूक तेथे आणावी असे बंधन नसेल, तर हे केंद्र म्हणजे ज्या बाजारात बडे आडतेच येत नाहीत अशी मंडई होऊन बसेल.

म्हणून मागणी करावयाची ती नेमकी केली पाहिजे. जोडणी हा कंपन्यांच्या करारमदाराचा विषय न राहता सार्वजनिक कर्तव्य ठरावे. ती नाकारणाऱ्याचा दंड पाच वर्षांनी नव्हे, महिन्याच्या आत वसूल व्हावा. सार्वजनिक एक्स्चेंजवर जोडणे प्रत्येक मोठ्या सेवादाराला बंधनकारक असावे. दरवाढीला नियामकाची पूर्वसंमती लागावी; आज कंपनी दर आधी लावते आणि नियामकाला नंतर कळविते. व्होडाफोन आयडियात सरकारचे भाग आहेतच, तर तिचे व निगमाचे मनोरे आणि स्पेक्ट्रम एकत्र वापरण्याचा विचार का होऊ नये, याचे उत्तर मंत्रिमहोदयांनी संसदेत द्यावे. आणि निगमाच्या ४जीला गुणवत्ता हवी असेल तर ती सांभाळणारी माणसे हवीत. २०२० नंतर देखभालीची कामे मोठ्या प्रमाणावर बाहेरच्या कंत्राटदारांकडे गेली. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळाले ते कायम कर्मचाऱ्यांना. कंत्राटी कामगारांना तेही नाहीत, आणि २०१९ मध्ये त्यांचे वेतन तर कित्येक महिने थकले होते. पूर्व उत्तर प्रदेश असो वा महाराष्ट्र, दूरसंचार आघाडीवर काम करणाऱ्या सदस्यांनी आपल्या परिमंडळातील या कामगारांची थकबाकी, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि कंत्राटदारांची नावे यांची माहिती शाखाशाखांतून गोळा करावी. संघटनांच्या पुढील वाटाघाटींत ती कागदावर मांडता आली, तर 'कोणाचेही काही थकलेले नाही' हे कंत्राटदारांचे ठरीव उत्तर चालणार नाही.